इंग्रज शेठची मराठी बायको

माझा चेहरा तुम्ही ओळखणार नाही. विक्रोळीला आमच्या सोसायटीचा वॉचमनसुद्धा, मी टोपी घालून आलो तर रजिस्टरमध्ये सही करायला लावतो. आवाज मात्र तुमच्या घरात येऊन गेलेला आहे. झुरळाच्या औषधाच्या जाहिरातीत शेवटी घाईघाईने सूचना वाचतो तो मी. आफ्रिकेतल्या मगरीबद्दल आदराने बोलतो तो मी. कोरियन मालिकेतला खाष्ट सासरा मी, आणि कार्टूनमधला ढेकर देणारा बेडूकही मीच. अडतीस वर्षं डबिंग केलं. बेडकाला सगळ्यात जास्त पत्रं आली.

लोकांना वाटतं, यात काय आहे, वाचायचं तर आहे. पण वाचायचं नसतंच. पडद्यावरचा माणूस तोंड उघडेल तेव्हा आपण उघडायचं, मिटेल तेव्हा मिटायचं. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. त्यामुळे गोऱ्याचे ओठ मिटले की आपल्या मराठी वाक्यात तिथे यांतलंच काहीतरी यायला हवं. नाही आलं तर नेमकं काय खटकलं ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण जेवता जेवता तो चॅनेल बदलतो. जेवणाऱ्या माणसाला चॅनेल बदलू द्यायचा नाही, एवढीच आमची विद्या.

मी या धंद्यात आलो तेव्हा अंधेरीच्या स्टुडिओत एकच माइक असायचा आणि त्याच्याभोवती आम्ही सात-आठ जण दाटीवाटीने उभे. एक चुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा. सीनमधलं शेवटचं वाक्य ज्याचं असेल त्याला घाम फुटायचा. एकदा ते माझं होतं आणि मी तीनदा खोकलो. चौथ्यांदा शेजारच्या मुलीनं माझ्या हातात खडीसाखर कोंबली आणि मालवणीत दम दिला, "आता गप रव, नायतर घराक जा!" ती शैला. घाटकोपरची. वर्षभरानं आमचं लग्न झालं. खोकला राहिला तो राहिलाच.

आता तसं काही राहिलेलं नाही. आता प्रत्येक जण एकटा जातो, काचेच्या केबिनमध्ये एकटा उभा राहतो, कानात इंग्रजी ऐकतो आणि आपापली वाक्यं बोलून घरी येतो. पडद्यावर एकमेकांच्या गळ्यात पडून रडणारे मायलेक प्रत्यक्षात एकमेकांना ओळखतही नाहीत. मुलानं सोमवारी रडून घेतलेलं असतं, आईची तारीख गुरुवारची असते. शैला आणि मी एका घरात राहायचो, एकाच मालिकेत नवराबायकोची कामं करायचो, पण तिची वेळ सकाळची, माझी दुपारची. घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवर कधीतरी समोरासमोर यायचो. ती म्हणायची, "आज तू मला तुरुंगात भेटायला येणारेस, नीट ये हां."

या धंद्यात गिऱ्हाइकं विचित्र भेटतात. घाटकोपरचे एक शेठ होते. कापडाचं दुकान, स्वतःची पतपेढी आणि वर नगरसेवकपदाचं तिकीट. प्रचाराच्या गाडीवर लावायला त्यांचं भाषण रेकॉर्ड करायचं होतं. शेठचा आवाज बारीक, शिट्टीसारखा. ते मला म्हणाले, "भाऊ, माझा आवाज दुकानदाराचा आहे. मला नेत्याचा पाहिजे." मी नेत्याचा आवाज काढून दिला. गाडी महिनाभर फिरली, शेठ निवडून आले. सत्काराला ते स्वतःच्या आवाजात बोलायला उभे राहिले, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "बिचाऱ्याचा घसा बसला गं प्रचारात." पुढची पाच वर्षं त्यांचा घसा बसलेलाच होता आणि वॉर्ड त्यांना औषधं सुचवत होता.

हे शेठ मला पुन्हा आठवले ते एका इंग्रज शेठमुळे. आठ भागांची परदेशी मालिका मराठीत करायची होती. विषय साडेतीनशे वर्षांपूर्वीचा लंडनचा एक व्यापारी. लोकरी कापड विकणाऱ्याचा मुलगा, तरुणपणी जहाजावर बसून तुर्कांच्या बंदरात जातो, कापड विकतो, रेशीम आणि मनुका घेऊन येतो. परत येऊन पेढी टाकतो. लोक त्याच्याकडे सोनं ठेवतात, तो ते राजाला कर्जाऊ देतो. मग पार्लमेंटात निवडून जातो, कारण राजाला पैसे देणाऱ्याला राजाच्या जवळ बसावंसं वाटणारच. आणि एक दिवस राजा म्हणतो, परत देत नाही, जा. दारात सोनं ठेवणाऱ्यांची गर्दी होते. शेठ खिडक्या लावून बसतो. व्यापार, सावकारी आणि राजकारण एकाच माणसानं केलं की काय होतं ते घाटकोपरला सांगायला लंडनहून कोणी यायची गरज नव्हती.

तो माणूस मी झालो, पंचविशीपासून सत्तरीपर्यंत. त्याच्या बायकोचं नाव मार्गारेट. ती शैला झाली. मालिकाभर ही बाई करते काय, तर वाट बघते. नवरा तुर्कस्तानात असतो तेव्हा बंदरावरून येणाऱ्या पत्रांची, तो लंडनला आला की तो पेढीवरून येण्याची, निवडून आला की पार्लमेंटातून येण्याची. शैला घरी येऊन म्हणाली, "अख्ख्या मालिकेत हा माणूस बायकोला एक प्रश्न विचारत नाही रे. नुसता सांगत सुटलाय." मी पेपर वाचत होतो. मी म्हटलं, "तेव्हाची माणसं तशीच असायची."

तिनं पाच भाग पूर्ण केले. मी तेवढेच केले होते. सहाव्या भागाच्या आदल्या सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्यापाशी खाली बसली, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही. चार दिवस माणसं येत होती, पाचव्या दिवशी यायची थांबली. घर इतकं शांत झालं की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकायचो.

तेराव्याच्या नंतर स्टुडिओच्या मालकीण अंजूताईंचा फोन आला. मी त्या स्टुडिओत बोलायचो, तसं दिग्दर्शनही करायचो. म्हणजे काचेच्या अलीकडे बसून कलाकाराला काय हवं ते सांगायचं, आणि टेक चांगला आला की 'ओके' म्हणायचं. अंजूताई म्हणाल्या, "दादा, कसं सांगू... चॅनेलचं म्हणणं आहे एका पात्राला एकच आवाज. तीन भाग राहिलेत. नवीन आवाज घ्यायचा तर पहिले पाचही त्या नव्या बाईकडूनच करून घ्यायचे."

"म्हणजे शैलाचे?"

"पुसावे लागतील."

बायको गेली होती, आणि आता तिचं शेवटचं काम जाणार होतं. तुम्ही म्हणाल, बाकीचं काम आहे ना. आहे. टीव्ही लावला की अजूनही ती कुठल्यातरी कार्टूनमध्ये आजी होऊन ओरडते. पण हे शेवटचे दोन महिने होते. हे बोलून ती घरी आली होती, चपला काढल्या होत्या, माझ्याशी बोलली होती. ते मला राहू द्यायचं होतं. मला दुसरं काहीही नको होतं.

मी स्टुडिओत गेलो तेव्हा अंजूताईंनी दुसरा मार्ग काढून ठेवला होता. चॅनेलचा एक माणूस आला होता, चांगला शिकलेला, अदबीनं बोलणारा. तो म्हणाला, "सर, मॅडमचा आवाज आमच्याकडे भरपूर आहे. कॉम्प्युटरला शिकवला की राहिलेले तिन्ही भाग तो त्यांच्या आवाजात बोलेल. पुसायला काहीच नको. फक्त तुमची सही लागेल, वारस म्हणून." त्यानं कागद पुढे केला आणि नमुना म्हणून सहाव्या भागातलं एक वाक्य ऐकवलं.

शैला म्हणाली, "आज तरी लवकर याल का?"

हे वाक्य शैलानं कधीही म्हटलेलं नव्हतं. मला तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं, की अडतीस वर्षं कान तयार केलेल्या माणसाला त्यातली खोट लगेच कळली. नाही कळली. खोट नव्हतीच. 'तरी'वर ती जसा किंचित थांबा घ्यायची तसा थांबासुद्धा होता. मी म्हटलं, पुन्हा लावा. तीनदा लावायला सांगितलं. चौथ्या वेळी माझ्या जिभेवर आलं होतं, आता तिला माझं नाव घ्यायला सांगा. ते मी गिळलं. पण त्या दिवशी मला कळलं की मी सही केली तर मी इथे रोज येईन.

"कागद घरी नेऊन वाचा सर, घाई नाही," तो म्हणाला.

मी घरी नेला. आणि घरी मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मी कोणाला सांगितलेली नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सांताक्रूझच्या एका स्टुडिओतून फोन आला होता. त्यांना बाई दिग्दर्शक हवी होती आणि शैलाचं नाव सुचवलं गेलं होतं. शैला बाजारात गेली होती. मी म्हटलं, "तिला त्यात रस नाही हो. तिला आपलं बोलायला आवडतं." मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंही नाही. माझी खात्रीच होती. दोन वर्षांनी तिला बाहेरून कळलं. ती भांडली नाही, तिनं मालवणीही काढली नाही. "विचारलं तरी असतंस," एवढंच म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

आता हा दुसरा फोन होता, आणि शैला पुन्हा घरात नव्हती. या वेळीही तिच्या वतीनं मीच हो किंवा नाही म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं तर तिनं न म्हटलेली तीन भागांची वाक्यं तिच्या तोंडी जाणार होती. संसारात तिनं न म्हटलेलं मी तिच्या तोंडी बरंच घातलं होतं. मी कागद सही न करता परत दिला.

"मग पुसावं लागेल दादा," अंजूताई म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका. मी दुसऱ्या कोणाला तरी बसवते."

"मीच बसणार," मी म्हटलं. "तिच्या वाक्यांवर दुसऱ्या कोणी काट मारलेली मला चालणार नाही."

नवीन आवाज म्हणून आलेली प्रज्ञा नाहूरला राहते. चाळिशीच्या आतबाहेरची, घरचे लोक मूळ नांदेडकडचे. सकाळी एका विमा कंपनीच्या कॉल सेंटरला आणि नंतर डबिंग, अशी दोन कामं करणारी. आवाज शैलासारखा अजिबात नाही; जरा खालचा, खडा. पण कान सोन्याचा. पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मॅडमचं काम मी लहानपणापासून ऐकलंय. मला भीती वाटतेय हो."

"मला पण वाटतेय," मी म्हटलं. "चल, सुरू करू."

पद्धत अशी होती. यंत्रापाशी सलीम बसायचा. तो पडद्यावर तुकडा लावायचा, प्रज्ञा बोलायची. मी 'ओके' म्हटलं की प्रज्ञाचं वाक्य बसायचं आणि त्याच जागचं शैलाचं वाक्य कायमचं जायचं. चॅनेलचा माल स्टुडिओबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे. सलीम हळूच म्हणाला होता, "दादा, पेनड्राइव्ह आणा ना यार, कोण बघतंय." त्याला दोन लहान मुली आहेत आणि नोकरी एकच. मी नेला नाही.

तीन दिवस मी ओके म्हणत होतो. प्रज्ञा काम चांगलं करत होती, हीच अडचण होती. वाईट करत असती तर मला तिला थांबवता आलं असतं. पहिल्या दिवशी मी तिचं एक अगदी स्वच्छ वाक्य अकरा वेळा म्हणवून घेतलं. बाराव्या वेळी ती काचेपलीकडून म्हणाली, "सर, काय चुकतंय सांगा ना. मी करीन तसं." मला स्वतःचीच लाज वाटली. मी म्हटलं, "तुझं काही चुकत नाहीये गं. पहिलाच ओके होता." सलीमनं बटण दाबलं. त्यानंतर मी कुठेही जास्तीचा टेक घेतला नाही. शैलाला आळशी कलाकाराइतकाच अप्पलपोट्या दिग्दर्शकाचा राग यायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाचव्या भागाचा शेवटचा सीन आला. राजानं पैसे बुडवलेत, दारात लोक जमलेत, शेठ खिडक्या लावून अंगावर शाल घेऊन बसलाय. मार्गारेट हातात वाडगा घेऊन येते, एकच वाक्य बोलते. शेठ तिच्याकडे न बघता हुंकार देतो. तो हुंकार माझा, महिन्यापूर्वीचा. मी तो इंग्रजी नटीचं वाक्य कानात ऐकून दिला होता. तिच्या वेळी काचेअलीकडे दुसरंच कोणी बसलं होतं, त्यामुळे शैला तिथे काय बोलली ते मला माहीतच नव्हतं.

प्रज्ञाच्या हातातल्या कागदावर होतं, 'थोडं सूप घ्या, बरं वाटेल.' तिनं दोनदा म्हणून बघितलं. "सर, ओठ बसत नाहीयेत. बाई सुरुवातीलाच ओठ मिटतेय, आणि 'थोडं'ला मिटत नाहीत. मॅडमनी काय केलं होतं? ऐकवा ना जरा."

एवढ्या दिवसांत तिनं शैलाचं काही मागून ऐकलं नव्हतं. मी मान डोलावली. सलीमनं लावलं.

"पेज आणलीय," शैला म्हणाली. "दोन घोट घ्या आणि मग भांडा राजाशी."

सलीम फसकन हसला. "पेज? लंडनमध्ये?"

मीही हसलो आणि हसता हसता मला पुढचं दिसेना. पेज म्हणजे आमच्या घरातला भाताचं पातळ गरगट. आमच्या घरी माझं कोणाशी वाजलं की, एखादं काम हातातून गेलं की, ताप आला की, शैला वाडगा आणून समोर ठेवायची आणि नेमकं हेच म्हणायची. राजाच्या जागी जो कोणी त्या दिवशीचा असेल त्याचं नाव. कागदावरचं सूप ओठांत बसेना तेव्हा काचेच्या केबिनमध्ये एकट्या उभ्या असलेल्या तिला घरातलं वाक्य सापडलं होतं आणि ते चपखल बसलं होतं. दुसऱ्यांची वाक्यं बोलण्यात तिचा जन्म गेला, आणि तिचं स्वतःचं एवढंच एक कुठेतरी नोंदलं गेलेलं होतं. त्याच्यानंतर लगेच माझा आवाज आला. "हं."

"दादा, हे ठेवू?" सलीम म्हणाला. "एकच लाइन आहे. चॅनेलला काय कळतंय?"

कळलं असतं. पाच भाग एका बाईचा आवाज आणि शेवटच्या वाक्याला दुसऱ्या बाईचा. प्रज्ञाचं सगळं काम वाया गेलं असतं, आणि ते शैलाला आवडलं नसतं. हे मी विचारून सांगत नाही, पण एवढं मला माहीत आहे.

"प्रज्ञा," मी म्हटलं, "सूप खोड. मॅडमचंच म्हण. पण त्यांच्यासारखं नको, तुझ्यासारखं म्हण."

तिनं डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाली, "पेज आणलीय. दोन घोट घ्या आणि मग भांडा राजाशी." ओठ बसले. आवाज खालचा, खडा, दमलेल्या बाईचा. पहिलाच टेक. दुसरा मागण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सलीम माझ्याकडे बघत होता. त्याचं बोट बटणावर होतं, तो दाबत नव्हता.

"ओके," मी म्हटलं.

सलीमनं दोघांचं एकत्र लावून दाखवलं, कारण तशी पद्धत आहे. प्रज्ञा म्हणाली, पेज आणलीय. मी म्हटलं, "हं."

प्रज्ञा केबिनमधून बाहेर आली, तिनं पर्स उचलली आणि दारात थांबली. "सर, आमच्याकडे पेज नाही करत. मॅडम कशी करायच्या? मी घरी करून बघीन म्हणते."

"उकडे तांदूळ," मी म्हटलं. "भरपूर पाणी. मीठ."

"आणि?"

आणि काहीतरी होतं. वाडगा समोर आला की आधी त्याचा वास यायचा, मग शैला बोलायची. लसूण नव्हे, जिरं नव्हे. छत्तीस वर्षं मी ती पेज खाल्ली आणि वर न बघता हं म्हटलं. प्रज्ञा उत्तराची वाट बघत दारात उभी होती, आणि मला ते सांगता येईना.